बोटांचा हिशेब आणि चाकाची चाल

मोटार जमिनीच्या अधिक जवळ आणावी, अशी इच्छा धरून मनुष्य गॅरेजात शिरला, की बोलण्याचा आरंभ बहुधा बोटांनी होतो. टायरचा माथा आणि मडगार्डची कमान यांच्यामधल्या फटीत आज चार बोटे शिरत असतील, तर उद्या तीन शिरावीत की दोन, एवढे ठरले म्हणजे पुढचा व्यवहार केवळ किमतीचा उरतो, असे गिऱ्हाईकालाही वाटते आणि पुष्कळदा मेस्त्रीलाही वाटते. दिसण्यातील सौष्ठव हे प्रयोजन मी क्षुद्र मानीत नाही. चारही चाकांवर बेताने टेकलेली मोटार डोळ्यांना सुखावते, आणि ज्या वस्तूत आपण लाखो रुपये व आयुष्यातील कित्येक तास घालतो ती डोळ्यांना सुखवावी, ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु ज्या एका राशीवर या साऱ्या व्यवहाराचे बरेवाईट अवलंबून आहे, ती राशी, म्हणजे खड्ड्याच्या काठावर आदळलेल्या चाकाला वर सरकण्यासाठी शिल्लक राहिलेली जागा, बोटांच्या मापात येत नाही. कारागीर जिला चाकाची चाल म्हणतील, तिच्याच हिशेबाने आज मिळणाऱ्या साधनांचा आढावा घ्यावा, असा या लेखाचा संकल्प आहे.

ही हौस आजची नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात कॅलिफोर्नियातील मेक्सिकन वंशाचे तरुण मोटारीच्या डिकीत वाळूची पोती ठेवून किंवा स्प्रिंगांचे वेढे कापून गाडी जमिनीलगत आणीत असत. मोटारीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या तळाहून खाली असू नये, असे कलम १९५८ साली तेथील वाहनकायद्यात आले, आणि त्याला उत्तर म्हणून १९५९ साली रॉन अगिरे यांनी विमानांच्या मोडीत मिळालेले हायड्रॉलिक पंप आपल्या कॉर्व्हेट गाडीला जोडून ती हवी तेव्हा उचलण्याची आणि हवी तेव्हा टेकविण्याची तजवीज केली. अशा गाड्यांवरील निर्बंध तेथे १ जानेवारी २०२४ पासून उठविण्यात आले. फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीने १९५५ साली मांडलेल्या डी. एस. गाडीत तर तेल आणि वायू यांच्या दाबावर उंची बदलण्याची सोय कारखान्यातूनच दिलेली होती. पॉल माजेस यांच्या त्या योजनेचे कौतुक आजही ओसरलेले नाही. शर्यतीच्या मैदानात मात्र खाली बसण्याचे कारण निराळे आणि निखळ गणिती होते, व त्या कारणाचे मूल्य एकदा आकड्यांत पाहून घेणे बरे. एक हजार किलो वजनाची, ५३० मिलिमीटर उंचीवर गुरुत्वमध्य असलेली आणि डाव्या-उजव्या चाकांत १,४६० मिलिमीटर अंतर असलेली मोटार गुरुत्वाकर्षणाच्या सात दशांश एवढ्या जोराने वळण घेऊ लागली, तर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सुमारे २५४ किलोंचा भार सरकतो. तीच मोटार ३० मिलिमीटर खाली आणली, तर तो भार २४० किलोंवर येतो. चौदा किलोंचा हा नफा शर्यतीत घड्याळाला दिसतो, परंतु पुणे-सातारा रस्त्यावर बसणाऱ्याला तो जाणवेल असे मला वाटत नाही. खाली आणलेली गाडी वळणावर घट्ट वाटते ती मुख्यतः तिच्या स्प्रिंगा अधिक ताठ झाल्यामुळे, आणि हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे पुष्कळ माणसे उंचीला ते श्रेय देतात जे ताठपणाचे आहे.

स्प्रिंगेचा मूळ नियम रॉबर्ट हूक यांनी १६७६ साली अक्षरांच्या कोड्यात दडवून प्रसिद्ध केला आणि १६७८ साली त्याची उकल छापली: जितका भार, तितकी दबणूक. या साध्या नियमावरच पुढचे सारे उभे आहे, म्हणून एक उदाहरण संथपणे सोडवू. एका लहान मोटारीच्या पुढच्या प्रत्येक चाकाच्या वर, चाकाचे स्वतःचे वजन वगळून, २६५ किलो भार आहे आणि त्याखालच्या स्प्रिंगेला एक मिलिमीटर दाबण्यास २० न्यूटन बळ लागते, असे समजा. गाडी नुसती उभी असताना ही स्प्रिंग १३० मिलिमीटर दबलेली असेल, आणि या दबणुकीवरून गणित केले तर गाडीचे नाक मिनिटाला ८३ आंदोलने घेईल, असे निघते. माणसाच्या देहाला सोसवणारी ही लय आहे. आता या स्थितीतून चाकाला वर जाण्यास ८० मिलिमीटर आणि खाली लोंबण्यासही ८० मिलिमीटर जागा आहे, असे धरू. गाडी ३० मिलिमीटर खाली आणली, की वरची जागा ५० मिलिमीटर उरते व खालची ११० होते. जो धक्का पूर्वी ८० मिलिमीटरांत विरत होता तोच आता ५० मिलिमीटरांत विरवायचा असेल, तर स्प्रिंग किती ताठ हवी? येथे प्रमाण वर्गाचे आहे: ८० भागिले ५० यांचा वर्ग, म्हणजे अडीचपटीहून किंचित अधिक. अशी स्प्रिंग बसविली तर आंदोलने मिनिटाला १३३ होतील, आणि ती मोटार घरच्या वृद्ध माणसांना घेऊन नरसोबाच्या वाडीला जाण्याच्या उपयोगाची राहणार नाही.

बाजारात मिळणाऱ्या, गाडी खाली आणणाऱ्या स्प्रिंगा मूळच्या स्प्रिंगेहून वीस-तीस टक्क्यांच्या आसपास ताठ असतात. अडीचपट हवी आणि सव्वापट मिळते, यांतील अंतर कोठे भरून निघते, हा प्रश्न गिऱ्हाइकाने विचारलाच पाहिजे, आणि त्याचे उत्तर शॉकअपच्या दांड्यावर ओवलेल्या त्या लहानशा रबरी ठोकळ्यात आहे, ज्याला गॅरेजात बंप स्टॉप म्हणतात. मूळ गाडीत तो क्वचित्प्रसंगी हाक ऐकणारा राखणदार असतो. खाली आणलेल्या गाडीत तो रोजचा कामकरी होतो. ठोकळा सच्छिद्र पॉलियुरेथेनचा, लांब आणि क्रमाने ताठ होत जाणारा असेल, तर तो हे काम निमूटपणे करतो व बसणाऱ्याला त्याची वर्दी लागत नाही. जुन्या टणक रबराचा असेल, किंवा पूर्वीच्या मालकाच्या काळात झिजून गळून पडला असेल, तर प्रत्येक खड्ड्याला धातूवर धातू आदळल्याचा तो आवाज येतो, जो एकदा ऐकलेला मनुष्य विसरत नाही. स्प्रिंगांचा भाव तासभर करणारी माणसे या ठोकळ्याविषयी एक शब्दही विचारीत नाहीत, हे पाहून मला दरवेळी खेद होतो.

आता साधनांकडे वळू. सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे मूळ स्प्रिंगेचा एक वेढा कापणे. सहा कार्यक्षम वेढ्यांपैकी एक गेला की उरलेली स्प्रिंग वीस टक्क्यांनी ताठ होते, हे गणित बरोबर आहे, आणि त्यावर बोट ठेवून या उपायाचे समर्थन करणारेही भेटतात. परंतु स्प्रिंगेचे टोक ज्या वाटीत बसते, त्या वाटीचा आकार कारखान्यात वळविलेल्या टोकाला अनुरूप असतो; कापलेले टोक तेथे बेताबाताने टेकते, चाक लोंबकळले की सुटते, आणि परत बसताना जागेवर बसेलच याची हमी नसते. गॅसच्या बत्तीने वेढे तापवून स्प्रिंग खाली बसविणे याहून वाईट. ज्या उष्णसंस्कारामुळे त्या पोलादाला लवचिकपणा आलेला असतो, तोच त्या बत्तीने नष्ट होतो, आणि मऊ पडलेले ते वेढे महिनोन्‌महिने खचत राहतात. या दोन मार्गांविषयी मी येथे तुलना करीत नाही. ते वर्ज्य आहेत, एवढेच नमूद करतो.

तयार स्प्रिंगांचा मार्ग मात्र विचार करण्याजोगा आहे. या धंद्यातील दोन नामांकित जर्मन कारखाने, १९५१ साली सुरू झालेला फिनेंट्रोप येथील आयबाख आणि लेनेश्टाट येथील एच अँड आर, हे झाउअरलांड या एकाच डोंगराळ प्रदेशात एकमेकांच्या शेजारी आहेत. अशा कारखान्याची स्प्रिंग आणि कापलेली स्प्रिंग यांतील फरक समजण्यासाठी वरचेच उदाहरण पुढे नेऊ. नवी स्प्रिंग तीस टक्के ताठ, म्हणजे २६ न्यूटनांची असेल, तर ती उभ्या गाडीखाली १३० ऐवजी १०० मिलिमीटरच दबेल. तेव्हा गाडी ३० मिलिमीटर खाली यावी यासाठी स्प्रिंगेची मोकळी लांबी ६० मिलिमीटर कमी करावी लागेल. जॅकवर गाडी उचलली, की मूळ लांबीच्या शॉकअपवर चाक ११० मिलिमीटर खाली लोंबेल, पण स्प्रिंग मात्र १०० मिलिमीटरच उलगडू शकेल, आणि उरलेल्या दहा मिलिमीटरांत ती आपल्या वाट्यांमध्ये सैल खुळखुळेल. यासाठीच चांगल्या कारखान्याची स्प्रिंग एका टोकाला दाट, मऊ वेढ्यांची बनविलेली असते. गाडी उभी असताना ते वेढे एकमेकांना चिकटून निष्क्रिय असतात, आणि चाक लोंबले की उलगडून स्प्रिंगेला जागेवर धरून ठेवतात. चाक पूर्ण लोंबले असतानाही स्प्रिंग घट्ट राहते की नाही, याची खातरजमा जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात घालून दोन मिनिटांत करता येते, आणि ती करून घेतल्यावाचून पैसे देऊ नयेत. विकत घेताना तारेची जाडीही पाहावी, कारण ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो: बारा मिलिमीटरच्या जागी तेरा मिलिमीटरची तार आली, तर बाकी सर्व तेच राहूनही स्प्रिंग अडतीस टक्क्यांनी ताठ होते.

शॉकअपचे प्रकरण अधिक सूक्ष्म आहे, आणि येथे मी थोडा रेंगाळणार आहे. स्प्रिंग उसळी साठविते व परत करते. त्या उसळीचे तेलाच्या घर्षणात उष्णतेत रूपांतर करून तिला विझविणे, हे शॉकअपचे काम. स्प्रिंग तीस टक्के ताठ झाली, तर शॉकअपचा जोर त्याच्या वर्गमुळाने, म्हणजे चौदा टक्क्यांनी वाढावा लागतो. नवा, निरोगी, मूळचा शॉकअप एवढा फरक बहुधा सोसतो, आणि म्हणून २५ ते ३० मिलिमीटरांच्या आत मूळचे शॉकअप ठेवून नुसत्या स्प्रिंगा बदलणे सर्वस्वी चूक नाही. परंतु जोराबरोबर जागेचाही प्रश्न आहे: खाली आणलेल्या गाडीत शॉकअपचा दट्ट्या आपल्या नळीत ३० मिलिमीटर खालच्या पट्ट्यात काम करतो, त्याचा दांडा अधिक आत राहतो, ठोकळ्यावर तो वारंवार आपटतो, आणि आधीच पाऊण आयुष्य संपलेल्या शॉकअपला हा नवा रतीब झेपत नाही. पूर्वी एकदा माझ्या गाडीला मी नव्या स्प्रिंगा बसविल्या आणि खर्च वाचविण्यासाठी ऐंशी हजार किलोमीटर धावलेले शॉकअप तसेच ठेवले. आठ महिन्यांच्या आत पुढचे दोन्ही तेल ओकू लागले, स्प्रिंगा पुन्हा उतरवाव्या लागल्या, मजुरी दोनदा द्यावी लागली, आणि या दरम्यान घाटातील प्रत्येक वळणावर गाडीचे नाक तीन-तीन वेळा डोलत असे. त्या अनुभवापासून माझा निश्चय आहे, की पन्नास हजार किलोमीटर ओलांडलेल्या गाडीत स्प्रिंगा आणि शॉकअप एकाच दिवशी बदलावेत, अन्यथा दोन्ही बदलू नयेत.

या कारणासाठीच जोडसंचाची कल्पना मला सर्वांत समंजस वाटते. स्प्रिंग एका कारखान्याची आणि तिला अनुरूप, आखूड दांड्याचा शॉकअप दुसऱ्या कारखान्याचा, असे दोहोंचे लग्न लावून एकाच खोक्यात विकले जाते. बिल्श्टाइनचे आखूड शॉकअप आणि आयबाखच्या स्प्रिंगा यांची जोडी हे त्याचे सुपरिचित उदाहरण. बिल्श्टाइनचा हा शॉकअप एकनळीचा असतो: तेल आणि दाबाखालचा वायू एकाच नळीत तरंगत्या पडद्याने वेगळे ठेवलेले असतात, त्यामुळे तेलात फेस होत नाही आणि नळीची भिंत थेट वाऱ्याला लागून थंड राहते. ही रचना फ्रेंच अभियंते द कार्बों यांच्या संशोधनातून आली आणि १९५७ साली मर्सिडीज-बेंझ गाड्यांतून ती नित्याच्या उत्पादनात उतरली. आंबा घाटातून उतरताना, किंवा मराठवाड्यातील उन्हाळ्यात खडबडीत रस्त्यावर तासन्‌तास धावताना, तेल तापून शॉकअप सैल पडण्याचा अनुभव ज्यांना आहे त्यांना या रचनेचे मोल वेगळे सांगावयास नको. उलटपक्षी दुनळी शॉकअप स्वस्त असतो, बारीक खडबडीवर सौम्य असतो आणि नळीला दगड लागून पोचा पडला तरी चालत राहतो. हेही गुण आपल्या रस्त्यांवर दुर्लक्षिण्यासारखे नाहीत.

यापुढची पायरी कॉइलओव्हरची, म्हणजे ज्याच्या नळीवर आटे पाडलेले असून स्प्रिंगेची वाटी फिरवून वरखाली करता येते अशा संचाची. जर्मनीची के. डब्ल्यू., स्वीडनची ओह्‌लिन्स, जपानची टाइन ही नावे या क्षेत्रात प्रतिष्ठेची आहेत. यांच्याविषयी एक भ्रम इतका रूढ आहे, की तो दूर करण्यासाठी चार ओळी खर्च करणे प्राप्त आहे. वाटी वर फिरविली की स्प्रिंग ‘आवळली’ जाऊन ताठ होते, असे गॅरेजात सर्रास सांगितले जाते. सरळ प्रमाणात दबणारी स्प्रिंग आवळल्याने ताठ होत नाही. तिच्यावर गाडीचा भार तेवढाच राहतो, म्हणून तिची दबणूकही तेवढीच राहते. वाटी वर गेली तेवढी गाडी वर जाते, आणि चाकाला वर जाण्याची जागा वाढते म्हणून ठोकळ्याचा धक्का कमी लागतो, इतकेच. वाटी खाली फिरविली, की गाडी खाली येते आणि नेमकी ती जागा घटते. ज्या संचात खालचा पायाही आट्यांवर फिरतो, त्यात मात्र शॉकअपची चाल न घटविता उंची कमी करता येते, आणि दोन संचांच्या किमतींत दुपटीचा फरक दिसला तर त्याचे एक कारण बहुधा येथे सापडते. चालीचा हिशेब ज्याला कळला त्याने पैसे या सोयीसाठी मोजावेत. शॉकअपचा जोर बदलणाऱ्या बत्तीस टप्प्यांच्या फिरकीसाठी मोजू नयेत, कारण रस्त्यावर चालणाऱ्या मनुष्याला त्यांतील तीन-चारच टप्पे कामास येतात. आटे चिखलाने आणि कोकणातील खाऱ्या हवेने गंजून घट्ट बसतात, हा दोषही विसरू नये; दर पावसाळ्यापूर्वी ते पुसून ग्रीस लावणारा मालक असेल तरच हा संच त्याला लाभेल.

हवेच्या पिशव्यांवर उभी राहणारी गाडी हा या विषयाचा सर्वांत खर्चिक अध्याय आहे. गतिरोधक आला की कळ दाबून गाडी उचलावी, आणि उभी करताना टेकवावी, हे त्याचे सुख खरे. परंतु टाकी, पंप, नळ्या, झडपा हा सारा संसार डिकीत थाटावा लागतो, आणि तो निगुतीने बसविणारे हात आपल्याकडे थोडे आहेत.

उंची उतरली की केवळ स्प्रिंग बदलत नाही, चाकाला धरणाऱ्या दांड्यांचे कोनही बदलतात. अर्ल मॅकफर्सन यांच्या नावाने ओळखली जाणारी रचना १९५० साली ब्रिटनमध्ये फोर्डच्या कॉन्सल व झेफर या गाड्यांतून लोकांसमोर आली आणि आज आपल्या रस्त्यांवरील बहुतेक सर्व लहान मोटारींचे पुढचे चाक तिच्यावरच उभे आहे. या रचनेत चाकाच्या बाजूला किंचित उतरता असलेला खालचा आर्म गाडी खाली आली की आडवा होतो, आणि आणखी खाली आणली तर उलट्या दिशेने वर चढतो. ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो रोल सेंटर या बदलाने गुरुत्वमध्यापेक्षा पुष्कळ अधिक वेगाने खाली घसरतो. दोहोंमधील अंतर, म्हणजे गाडीला कलंडविणारी तरफ, कमी होण्याऐवजी लांब होते. ३० मिलिमीटरपर्यंत हा तोटा स्प्रिंगेचा ताठपणा झाकून टाकतो. ५०-६० मिलिमीटर खाली आणलेली गाडी मात्र दिसते शर्यतीची आणि वळणावर वागते मूळच्या गाडीहून वाईट. त्यावर लांब मानेचे बॉल जॉइंट बसविणे हा खरा इलाज आहे, पण प्रत्येक गाडीसाठी ते मिळत नाहीत. आर्मबरोबर टाय रॉडचाही कोन बदलतो, चाकांची तोंडे किंचित बाहेर किंवा आत वळतात, आणि दहा हजार किलोमीटरांत टायरची आतली कड तारेपर्यंत घासून निघते. या झिजेचा दोष लोक चाकाच्या तिरकेपणाला देतात, परंतु बहुतांश ती तोंड वळल्याने होते, आणि केवळ अलाइनमेंटने टळते.

मागच्या चाकांचे प्रकरण त्या मानाने सोपे. पुढच्या ओढीच्या लहान गाड्यांत मागे पिळवटणारी तुळई असते, आणि तिला दोन इंच खाली आणल्याने फारसे काही बिघडत नाही. ज्या गाडीत अखंड ॲक्सल आडव्या दांड्याने धरलेला असतो, तिथे ॲक्सल काही मिलिमीटर एका बाजूस सरकतो व लांबी बदलता येणारा दांडा लावावा लागतो. कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी पुढे स्प्रिंगांवर आणि मागे पाट्यांवर उभी असे. तिला खाली आणण्यासाठी एक-दोन पाटे काढून टाकण्याची पद्धत होती, आणि उरलेल्या पाट्यांवर पडणारा ताण न जुमानता ती पुष्कळांनी वापरली. पाटे न काढता ॲक्सल आणि पाटा यांच्यामधील बैठकीत ठोकळा घालणे हा त्यावरील शहाणा मार्ग. एक गोष्ट मात्र आवर्जून तपासावी: काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब ॲक्सलच्या उंचीवरून ठरविणारी झडप असते. गाडी खाली आली, की ती झडप डिकीत ओझे भरले आहे असे समजून मागच्या चाकांना अधिक दाब सोडते, आणि ओल्या रस्त्यावर मागची चाके आधी अडकून गाडी गरकन फिरते. त्या झडपेचा दांडा नव्या उंचीला जुळवून घेणे हे अर्ध्या तासाचे काम आहे, आणि न केल्यास प्राणावर बेतणारे आहे.

आता आपल्या रस्त्यांचा विचार. परदेशी आराखड्याची गाडी भारतात आणताना कारखानदार बहुधा तिची उंची वाढवितात, कारण त्यांना येथील रस्ते आणि येथील प्रवासीसंख्या ठाऊक असते. खाली आणणारा मालक ही वाढ परत घेत असतो. फोक्सवॅगनची पोलो २००९ च्या अखेरीपासून २०२२ पर्यंत चाकणच्या कारखान्यात बनली, आणि खाली आणण्याच्या हौसेला आपल्याकडे तिच्याइतकी प्रिय गाडी क्वचितच दुसरी असेल. तिचा तळ जमिनीपासून सुमारे १६५ मिलिमीटर, आणि पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर सुमारे २.४७ मीटर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शनाप्रमाणे बांधलेला गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळखंडासारखा गोलाकार असतो. त्यावर ही गाडी नेमकी मध्यावर आली, तर चाकेही उंचवट्यावरच असल्यामुळे तळाखाली उंचवट्याचे केवळ ४५ मिलिमीटरच शिरतात. गाडी ३५ मिलिमीटर खाली आणली तरी तळाखाली ८५ मिलिमीटर शिल्लक राहतात, आणि सावकाश जाणारी गाडी तेथे घासण्याचे कारण नाही. संकट आहे ते गावोगाव एका रात्रीत उठविलेल्या त्या डांबरी बांधांचे, जे दोन फूट रुंद आणि अर्धा फूट उंच असतात. तेथे चाके सपाटीवर आणि बांध तळाखाली, अशी स्थिती येते; बांधाची सारीच्या सारी उंची तळातून वजा होते. १५० मिलिमीटरच्या बांधावरून मूळची गाडीही जेमतेम जाते. १३० मिलिमीटरवर आणलेली गाडी जातच नाही, आणि प्रथम फुटतो तो इंजिनाखालचा ऑइल चेंबर. म्हणून रोजच्या वाटेवरचे दोन-चार सर्वांत वाईट बांध टेपाने मोजून आणणे, हे स्प्रिंगांचे तक्ते वाचण्याहून अधिक उपयोगाचे आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो, कारण ती कठोर असूनही अस्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीपुस्तकातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कसोशीने लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने विनापरवाना फेरफारासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आली. स्प्रिंगेची उंची नोंदणीपुस्तकात लिहिलेली नसते, हा युक्तिवाद मी ऐकला आहे. त्यावर विसंबून मोठी रक्कम खर्च करावी असे मला वाटत नाही, आणि विमा कंपनीला कळविल्याशिवाय तर मुळीच करू नये. जर्मनीत प्रमाणित स्प्रिंग बसवून, तपासनिसाकडून पाहणी करून घेऊन कागदपत्रांत नोंद करता येते. जपानात तळ नऊ सेंटिमीटरांहून खाली नसावा, असा स्पष्ट आकडा आहे. असा स्पष्ट शिरस्ता आपल्याकडे पडला, तर कापलेल्या स्प्रिंगांचा धंदा आपोआप बसेल, आणि हौशी मनुष्यालाही मान वर करून परिवहन कार्यालयात जाता येईल. ही मागणी हौशी मंडळींनीच लावून धरली पाहिजे.

इतका विचार करून ज्याला गाडी खाली आणावयाची आहे, त्याला मी २५ मिलिमीटर सुचवीन, फार तर ३०. त्यासाठी जोडसंच, नवे बंप स्टॉप, नवी वरची बेअरिंगे. कुटुंब घेऊन हिंडणाऱ्याने उंची मुळीच न बदलता चांगले शॉकअप आणि चांगले टायर घ्यावेत. वळणावरचा घट्टपणा त्याला त्यातूनही पुष्कळ मिळेल. बसविताना रबरी बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर लोंबत असताना आवळू देऊ नयेत. चाके जमिनीवर टेकवून मगच आवळावेत, नाहीतर ते बुश कायमचे पिळलेले राहून वर्षभरात फाटतात. पाचशे किलोमीटर गाडी फिरवावी, स्प्रिंगा आपल्या जागी बसू द्याव्यात, चाकाच्या मध्यापासून कमानीपर्यंतचे अंतर चारही बाजूंनी मोजून लिहून ठेवावे, आणि त्यानंतर अलाइनमेंट व दिव्यांचा झोत नीट करून घ्यावा. शॉकअपच्या दांड्यावर, ठोकळ्याच्या खाली, प्लॅस्टिकची एक बारीक पट्टी सैलशी आवळून नळीच्या तोंडाला टेकवून ठेवावी, आणि आठवडाभर नेहमीच्या रस्त्याने, नेहमीची माणसे घेऊन, नेहमीच्या वेगाने हिंडावे. ती पट्टी दांड्यावर जेथे सरकून थांबली असेल, तेथवर चाक गेलेले आहे. ती ठोकळ्याला नुसती टेकलेली दिसली, तर उंची बेताची आहे. ठोकळा चेपून ती त्याच्या मुळापर्यंत गेलेली दिसली, तर दुसऱ्याच दिवशी गाडी दहा मिलिमीटर वर घ्यावी.